मांडीवरून पंगतीत

हे घाईने वाचू नका. सहा-सात महिन्यांचं लेकरू मांडीवर असेल तर त्याला घेऊनच बसा. नसेल तर बहिणीचं, भावजयीचं, शेजारचं आठवा. वेळ संध्याकाळची धरा. देऊळघाटात दिवेलागण झाली आहे, पैनगंगेकडून गार वारा सुटला आहे, कुणी बुलडाण्याहून कामावरून परतलंय, कुणी रानातून. घरोघर भाकरी थापल्याचा आवाज येतो आहे. स्वयंपाक होईपर्यंत आपल्याला एवढंच करायचं आहे: लेकराकडे बघायचं.

नीट बघा. तुमचा घास ताटातून उचलला जातो तसे त्याचे डोळे उचलले जातात. मान आता सावरली आहे, आधार दिला की बसतं. चमचा ओठांना लागला तर पूर्वी जीभ तो बाहेर ढकलायची, आता ढकलत नाही. साधारण सहाव्या महिन्यात शरीर या खुणा दाखवतं. त्याच सुमारास एक गोष्ट न दिसता घडते. आईच्या पोटातून येताना बाळाने लोहाचा जो साठा आणलेला असतो, तो संपत येतो, आणि अंगावरच्या दुधात लोह फार थोडं. भूक रडून सांगते. लोह सरल्याचं कुणी सांगत नाही. लेकरू हसतं, खेळतं, आणि आतून फिकं होत जातं.

थोडं थांबा. आता उष्टावण आठवा. मामा आलेला, चांदीची वाटी, खीर, सगळ्यांच्या हातात मोबाईल. दख्खनी मुसलमान घरांत हीच रीत खीर-चटाईची. अंगणवाडीतही अन्नप्राशनाचा कार्यक्रम होतो. पहिला दिवस सगळीकडे गोड होतो. मला विचार करावासा वाटतो तो दुसऱ्या दिवसाचा. मामा गावी गेला, वाटी पुसून कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकराच्या तोंडात काय पडलं? आणि पंधराव्या दिवशी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळत होता तो सुमारे ११ टक्क्यांना. हा आकडा गरिबीचा आहेच. पण ज्या घरात वरण-भाकरी दोन्ही वेळा शिजते, त्या घरातलं लेकरूही उरलेल्या ८९ मध्ये असू शकतं.

कसं, ते समजायला वरणाचं पाणी डोळ्यांसमोर आणा. बहुतेक घरांत सुरुवात त्यानेच होते. डाळ खाली बसते, वरचं पिवळं पाणी वाटीत येतं, मायेने चमच्याचमच्याने पाजलं जातं. आता लेकराच्या पोटावर हलकेच तळहात ठेवा. केवढं ते! सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं. ते पाण्याने भरलं की भरलंच. बाळ तोंड फिरवतं, आजी म्हणते, ‘झालं पोट’, आणि तिचं खरंच असतं. पोट झालं, पोषण राहिलं. डाळ तर पातेल्याच्या तळाशी बसली होती.

म्हणून चमच्याकडे बघायला शिका. मुगाची खिचडी मऊ घोटली, चमच्यात घेतली आणि चमचा कलता केला की ती ओघळून जाता कामा नये, सावकाश घसरली पाहिजे. एवढा घट्टपणा पुरतो. वर थोडं तूप किंवा तेल, कारण एवढ्याशा पोटात जास्त ताकद मावायला स्निग्धासारखा दुसरा उपाय नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी लागतात, वर्ष ओलांडल्यावर साडेपाचशेच्या आसपास. आकडे पाठ करायची गरज नाही. चमचा कलता करून बघायची सवय पुरे.

आता नजर चुलीकडे न्या. तिथे काय काय आहे? ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, एखादी पालेभाजी, कधी अंडं, ज्यांच्याकडे चालतं त्यांच्याकडे मटणाचा रस्सा. लेकराचा सगळा आहार याच चुलीवर आहे. वेगळ्या डब्याची पावडर लागत नाही. वरणाला फोडणी देण्याआधी, भाजीत तिखट-मीठ पडण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढायचा, एवढाच काय तो फरक. त्या वरणात भाकरीचा मऊ पापुद्रा कुस्करा, घोटलेला पाला मिसळा, लिंबाचे दोन थेंब पिळा. डाळ-पाल्यातलं लोह अंगी लागायला आंबट मदत करतं. उकडलेलं अंडं, शिजवून बारीक केलेली कलेजी सहा महिन्यांपासून चालते, ‘दात आल्यावर बघू’ म्हणायचं कारण नाही. दाणे मात्र कूट करूनच. अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनलिकेत अडकतो. आणि वर्षाच्या आत मधाचं बोट नको, कितीही जुनी रीत असली तरी, कारण त्यातून होणारी विषबाधा तान्ह्याच्या जिवावर बेतू शकते.

अंगावरचं दूध यात कुठेही तुटत नाही. ते दोन वर्षं आणि पुढेही चालू द्यावं. खरं तर लेकराची या घराच्या चवीशी ओळख त्या दुधानेच करून दिलेली असते. आई जे खाते त्याचा वास-स्वाद दुधात उतरतो. तुमच्या घरचा लसूण त्याला अगदीच परका नाही.

तरी ते थुंकणार. पहिल्या पालकाला तोंड वाकडं करणार. त्या क्षणी स्वतःकडे बघा, हे या मननातलं सगळ्यात अवघड काम. छातीत काहीतरी आवळतं: याचं वजन भरेल का, सासू काय म्हणेल, शेजारणीचं तर वाटीभर खातं. त्या आवळण्यातून मग दुसरा हात पुढे येतो, गाल दाबले जातात, मोबाईल लावला जातो. एक श्वास घ्या. चमचा खाली ठेवा. नव्या चवीला आठ-दहा वेळा तरी भेटावं लागतं तेव्हा ती आपली होते. आज थुंकलं ती एक भेट झाली. परवा पुन्हा द्या.

किती खायचं हे त्याला ठरवू देण्याची भीती वाटते ना? क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२६ पासून काही वर्षं नुकत्याच दूध सोडलेल्या १५ बाळांवर एक प्रयोग केला. साध्या, ताज्या पदार्थांच्या वाट्या समोर ठेवायच्या, आग्रह करायचा नाही, बाळ जिकडे हात करील ते द्यायचं. प्रत्येकाचं खाणं निराळं निघालं, कधी कधी तर चक्रम, पण मुलं धडधाकट वाढली. बाईंनी स्वतःच नंतर सांगितलं की यातली खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. साखरेचं, पॉलिश केलेलं काही तिथे नव्हतंच. हे मनात घोळू द्या. काय वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते त्याने. बाप येताना खिशातून पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणतो, तेव्हा लेकराने पुडा निवडला तर दोष लेकराचा नाही. मी तर म्हणेन, त्या पाच रुपयांत अंडं येत नसेल तर वर लागतील तेवढे घाला.

नवव्या-दहाव्या महिन्याकडे चला. खिचडी आता घोटू नका, नुसती चेपा. हिरड्या चांगल्या बळकट असतात. फार दिवस गुळगुळीतच मिळालं, तर मुलं पुढे गुठळी लागली की ओकारी काढतात. उकडलेल्या रताळ्याचा तुकडा हातात द्या. सांडेल, केसांना फासेल. सांडू द्या.

शेवटी हात मोजा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, कापूस वेचणीला, आई सकाळी जाते ती उन्हं कलल्यावर येते. तेवढा वेळ वाटी कुणाच्या हातात असते? आजीच्या, आत्याच्या, आठ वर्षांच्या ताईच्या. घट्ट किती, केव्हा, किती वेळा, हे एकट्या आईला कळून भागत नाही. बापालाही भरवता आलं पाहिजे, आणि ते त्याच्या जमिनीच्या कामाइतकंच काम आहे. सहा-आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीनदा, पुढे तीन-चारदा. ताप-हगवणीत थोडं थोडं, पण दूध-जेवण बंद न करता, आणि बरं झाल्यावर काही दिवस एक वेळ जास्त. हे या सगळ्यांनाही ठाऊक हवं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. तो घरातल्या सगळ्यांत वाटून संपत असेल, तर त्यावरही आज बोलून घ्या.

भाकरी झाल्या असतील. उठा, आणि वरणाला फोडणी पडायच्या आत तळापासून ढवळून लेकराची वाटी भरून घ्या.