शुश्रूषेचे ऋण

दरवर्षी जानेवारीच्या १२ तारखेस सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांच्या वाड्यासमोर जो जनसमुदाय लोटतो, त्यातील स्त्रियांचे, आणि विशेषतः शाळा-महाविद्यालयांतील मुलींचे प्रमाण पाहिले म्हणजे, १५९८ साली येथे जन्मलेल्या जिजाऊंचे नाव बुलढाणा जिल्ह्यातील लेकींच्या मनात किती खोल रुजले आहे याविषयी शंका उरत नाही. जिजाऊंना आपण वंदन करतो ते प्रामुख्याने एका योद्ध्याची माता म्हणून. परंतु आज त्या गर्दीत उभी असलेली मुलगी योद्ध्याची माता होण्याची वाट पाहत थांबलेली नाही, तिला गणवेश स्वतःच्याच अंगावर हवा आहे. चिखली, मेहकर, खामगाव अशा कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर तांबडे फुटण्यापूर्वी जाऊन उभे राहावे. भरतीच्या तयारीसाठी धावणाऱ्या मुलांच्या मागोमाग, ओढणी कमरेला घट्ट आवळून, मुलीही धावत गेलेल्या दिसतात.

त्यांच्यासाठी लष्कराचे दरवाजे फार सावकाश उघडले. वैद्यकीय आणि परिचर्या सेवा सोडल्या तर १९९२ पर्यंत भूसेनेत स्त्रियांना अधिकारपद नव्हते; शिपाई म्हणून त्यांची भरती तर त्यानंतरही सत्तावीस वर्षांनी, २०१९ मध्ये, लष्करी पोलीस दलापुरती जाहीर झाली आणि ८३ मुलींची पहिली तुकडी ८ मे २०२१ रोजी बंगळुरू येथून बाहेर पडली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींनी पहिले दीक्षान्त संचलन केले ते ३० मे २०२५ रोजी, आणि त्या १७ जणी होत्या. हा सर्व इतिहास अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखाच आहे. तथापि रस्त्यावर धावणाऱ्या मुलीचे कौतुक करताना एक प्रश्न आपण मनातसुद्धा येऊ देत नाही. ही मुलगी सैन्यात गेली, आणि पाय गमावून किंवा पाठीचा कणा मोडून पंचविशीत घरी परतली, तर सकाळी तिला बाजेवरून उचलून कोण बसवील?

मरणाचा सन्मान कसा करावा हे या जिल्ह्याला ठाऊक आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जे ४० जवान धारातीर्थी पडले, त्यांत मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड होते, आणि त्यांना निरोप देताना सगळा जिल्हा हळहळला. स्त्रीच्या हौतात्म्याचाही देशाने गौरव केला आहे; १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेच्या आवारात प्राण वेचणाऱ्या, त्याच दलाच्या कमलेश कुमारी यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. परंतु मृत्यू हा एका दिवसाचा असतो आणि जायबंदी शरीर चाळीस-पन्नास वर्षे जगते. त्या वर्षांचा हिशेब ठेवण्याची सवय समाजाला लागलेली नाही.

शासनाने हा विचार पूर्वी कधी केलाच नव्हता असे मात्र नव्हे. अफजलखानाच्या पारिपत्यानंतर, १६५९ साली, शिवाजी महाराजांनी जखमी झालेल्या लोकांना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रकमा दिल्या, कामी आलेल्यांच्या मुलांना चाकरीस घेतले आणि ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निमे वेतन बांधून दिले, अशी हकीकत सभासदाच्या बखरीत आहे. जखमेचे मान पाहून मोबदला ठरवण्याची ही तजवीज आजच्या अपंगत्वाच्या टक्केवारीची पूर्वज म्हणता येईल, आणि राजाला आपल्या शिपायाविषयी वाटणारी कळकळ तीत स्पष्ट दिसते. मात्र त्या हकिकतीत स्त्री येते ती विधवा म्हणून. जखम पुरुषाची आणि तिच्या पाठीमागचे घर स्त्रीचे, ही वाटणी त्या काळी इतकी स्वाभाविक होती की तिचा उच्चार करण्याचेही कोणाला कारण पडले नाही.

पुढे इंग्रजी अमदानीत आणि स्वातंत्र्यानंतर ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांचा पायाही या वाटणीवरच आहे. सुदैवाने त्यांतील प्रमुख संस्था महाराष्ट्रातच आहेत. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ साली निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आज खडकीत आहे. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्यांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. कण्याला इजा होऊन लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीतच स्वतंत्र पुनर्वसन केंद्र निघाले. मनुष्य अशा आघातातून किती उंच उठू शकतो याचे आपल्याजवळचे सर्वांत तेजस्वी उदाहरण सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे आहे. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकून त्यांनी स्वतंत्र भारताला अशा स्पर्धेतील पहिले पदक मिळवून दिले. पद्मश्री येण्यास त्यानंतर सेहेचाळीस वर्षे लागली, याची खंत नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही.

परंतु पदक, पुतळा आणि पद्मश्री यांच्या उजेडात न येणारी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती या साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. अपंग सैनिक रुग्णालयातून घरी आला म्हणजे सरकारचे काम पुष्कळ अंशी संपते आणि घरातील स्त्रीचे सुरू होते. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीवर कोठे लाली चढली आहे का हे पाहणे, मूत्रनळी स्वच्छ ठेवणे, मध्यरात्री ताप भरला तर तालुक्याच्या गावी धाव घेणे, आणि हे सगळे करून कपाशी वेचायला किंवा सोयाबीन सोंगायला शेतात जाणे, ही सेवा त्याची पत्नी, आई, कधी वहिनी करते. तिच्या नावाचा रकाना कोणत्याही कागदावर नाही. ज्याचे अपंगत्व शंभर टक्के आहे आणि ज्याच्याविषयी वैद्यकीय मंडळाने तशी शिफारस केली आहे, त्यास सतत परिचारकाचा भत्ता मिळतो खरा. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा ६,७५० रुपये करण्यात आला. दिवसाला सव्वादोनशे रुपयांत दिवसरात्र पगारी माणूस मिळणार नाही हे ज्यांनी आकडा ठरवला त्यांना कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. घरात एक स्त्री आहेच, हे त्यांनी गृहीत धरले होते.

आता जायबंदी झालेली व्यक्तीच स्त्री असेल, तर या व्यवस्थेचा आधारच निखळतो. सेवा करणारीच सेवेची गरजू झाली. लग्न झालेले असेल तर नवरा तिची मूत्रनळी बदलील काय? बदलणारे आहेत, आणि त्यांना माझा प्रणाम. परंतु ज्या समाजात तापाने फणफणलेल्या बाईलाही भाकऱ्या थापाव्या लागतात, तेथे या अपेक्षेवर राज्याने धोरण उभारू नये. लग्न झालेले नसेल तर तिची आई हे करील, आणि आई थकली की प्रश्न पुन्हा पहिल्या ठिकाणी येऊन बसेल. ‘आता हिचं कसं होईन बाई?’ हा आपल्याकडच्या ओट्यावरचा उद्गार कळवळ्यातून येतो; पण ज्या मुलीने काल शस्त्र हाताळले, जिने वरिष्ठांकडून हुकूम घेतले आणि कनिष्ठांना दिले, तिच्या कानांवर तो दिवसातून चार वेळा पडला की जखमेपेक्षा अधिक खोल जातो.

शरीराच्या काही गोष्टी स्पष्ट बोलल्याच पाहिजेत, कारण संकोचामुळे त्यांचा विचार होत नाही. कण्याची इजा झालेल्या पुरुषासाठी मूत्र बाहेरच्या बाहेर पिशवीत गोळा करण्याचे साधे साधन आहे. स्त्रीच्या शरीररचनेमुळे तितके भरवशाचे साधन तिच्यासाठी नाही, आणि म्हणून तिला नळी आतच ठेवावी लागते किंवा दर काही तासांनी स्वच्छ जागा शोधून ती घालावी लागते. आता अशी स्त्री लोणारहून एस.टी.ने निघाली आहे असे समजा. बसस्थानकावरील शौचालयाच्या पायऱ्या, आतली ओली फरशी, न लागणारी कडी हे सगळे आठवले म्हणजे ती घराबाहेर का पडत नाही हे निराळे विचारावे लागत नाही. पाय गेलेल्या स्त्रीचीही अशीच कथा आहे. कृत्रिम पायाची खोबण उरलेल्या अवयवावर घट्ट बसावी लागते, आणि वजन थोडे वाढले वा घटले तरी ती काचते किंवा सैल होते. बाळंतपणात तर ती अनेकदा बदलावी लागणार. वैशाखात घाटाखालच्या तालुक्यांत पारा चढला म्हणजे खोबणीत घाम साचून कातडी सोलवटते, आणि आषाढात काळ्या जमिनीच्या चिखलात रुतलेला तो पाय उपसताना अंगातले त्राण जाते. अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे हा विचार जयपूर पाय घडवणारे डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी केला, म्हणून तो पाय आपल्या शेतात आणि चुलीपाशी चालला. कोणाला कोठे आणि कसे बसावे लागते हे आधी पाहून मग साधन घडवणारी ही दृष्टी दुर्मिळ आहे.

अपंग सैनिकांच्या पुनर्वसनाचा आरंभ शोधत गेले तर तेथे स्त्रिया उभ्या आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथे कण्याच्या इजेचा विभाग हाती घेतला, तोपर्यंत असे रुग्ण थोड्याच काळात दगावत आणि त्यांना गुंगीत ठेवून निजवणे एवढाच उपचार समजला जाई. गुटमन यांनी त्यांना उठवले, कामाला लावले, खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन होत असता, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांवरील सोळा माजी सैनिकांचा धनुर्विद्येचा सामना भरवला. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तो. त्या सोळांपैकी दोन स्त्रिया होत्या.

अमेरिकेच्या टॅमी डकवर्थ हेलिकॉप्टर चालवत असता १२ नोव्हेंबर २००४ रोजी इराकमध्ये त्यांच्यावर अग्निबाण आदळला आणि दोन्ही पाय गेले. पुढे त्यांनी इलिनॉय राज्यात माजी सैनिकांच्या कल्याणाचे खाते सांभाळले, प्रतिनिधिगृहात गेल्या, २०१७ पासून सिनेटच्या सदस्य झाल्या. २०१८ साली पदावर असताना त्यांना अपत्य झाले, तेव्हा तान्ह्या मुलास सभागृहात आणता यावे म्हणून सिनेटला आपला नियम बदलावा लागला. त्यांच्या कर्तृत्वाइतकाच हा बदललेला नियमही मला मोलाचा वाटतो. आपल्याकडे दीपा मलिक या सैनिक नव्हत्या, सैनिकाची कन्या आणि सैनिकाची पत्नी होत्या. कण्यातील गाठीमुळे छातीखालचे शरीर बधिर झाल्यावर त्यांनी अहमदनगरमध्ये खानावळीचा व्यवसाय चालवला आणि २०१६ साली रिओ येथे गोळाफेकीत रौप्यपदक मिळवून पॅरालिंपिक पदक जिंकणारी पहिली भारतीय स्त्री हा मान मिळवला. ज्या नगरात त्यांनी हे केले ते काही आपल्याहून फार सधन किंवा सुधारलेले म्हणता येणार नाही.

आता आपल्या मुलीकडे वळू. ती अग्निवीर म्हणून गेली असेल तर तिला निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास पन्नास, पंचाहत्तर किंवा शंभर टक्क्यांनुसार अनुक्रमे १५, २५ किंवा ४४ लाख रुपये एकरकमी मिळतात. ही रक्कम लहान नव्हे; म्हणूनच मला तिची भीती वाटते. विहीर, भावाचे लग्न, ट्रॅक्टरचे हप्ते, सावकाराचे देणे, असे दहा हात तिच्याकडे वळतील, आणि खाटेवरून उठू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला घरात ‘नाही’ म्हणता येणे किती कठीण आहे हे सांगायला नको. ती केंद्रीय राखीव पोलीस दलात गेली असेल तर आणखी एक अडचण आहे. जंगलात आणि सरहद्दीच्या प्रदेशात गोळ्या झेलूनही कायद्याच्या व्याख्येत ती माजी सैनिक ठरत नाही, कारण ती व्याख्या भूदल, नौदल आणि वायुदल यांच्यापुरती आहे. शिवाय जिल्ह्याचे मुख्य ठाणे घाटावर आणि आगगाडी घाटाखाली. पुण्याला खोबण नीट करून घ्यायला जायचे म्हणजे आधी राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचे, नाहीतर रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास अंग घुसळून घ्यायचे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. परिचारकाचा भत्ता हा भत्ता न राहता वेतन व्हावे. गावातील किंवा शेजारच्या गावातील स्त्रीस शिक्षण देऊन या कामावर नेमावे, आणि आईच हे काम करणार असेल तर ते वेतन आईच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावे. खोबण दुरुस्त करणारा कारागीर महिन्यातून एकदा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात येऊन बसावा. एकरकमी पैसा तिच्या एकटीच्या नावे, तिच्या सहीवाचून न हलेल असा ठेवण्याची व्यवस्था जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने करून द्यावी. आणि स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करण्याचा जो शासनाचा हुकूम प्रत्येक ग्रामपंचायतीकडे आहे, त्यातून तिच्या घराचा उंबरठा काढून उतार बांधावा, न्हाणीघराचे दार चाकाची खुर्ची जाईल एवढे रुंद करावे, आत भिंतीला धरायला दांडी बसवावी. अशी कामे माणूस घरी परतल्यावर, अर्जविनंत्या होऊन, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी निघतात, आणि तोवर ती खाटेला खिळलेली असते. ती खडकीत उपचार घेत असतानाच इकडे गावात गवंडी कामाला लागला पाहिजे.