काठ न दिसणारं पाणी

काफिला हलायच्या बेतात होता. त्याच्याच हाती पत्र पोचतं करायचं म्हणून दावीदने घाईघाईने थोरल्या भावाला चार ओळी लिहायला घेतल्या. साल 1170च्या आसपासचं, मुक्काम ऐधाब. तांबड्या समुद्राच्या आफ्रिकेकडच्या काठावरचं हे रखरखीत बंदर. नाईलवरच्या कूस गावाहून तिथे यायचं तर वाळवंट तुडवावं लागे. दावीदने त्यातही आगाऊपणा केला होता. येतानाच्या काफिल्याची साथ सोडून तो फक्त एका सोबत्याबरोबर पुढे निघाला. हा शुद्ध अडाणीपणा होता, हे पत्रात तो स्वतःच कबूल करतो. पण झालं भलतंच. लुटला गेला तो काफिला. त्यातली काही माणसं तहानेने गेली. अडाणीपणा करणारे दोघे सुखरूप पोचले.

बंदरात पाहतो तर नवा माल आलेलाच नाही. घेण्याजोगी फक्त नीळ. एवढे हाल सोसून नीळ घेऊन परतायचं? दावीदने हिंदुस्थानची वाट धरायचं ठरवलं. वाळवंटात ज्याने राखलं तो समुद्रातही राखील, असा त्याचा सरळ हिशेब. घरी मागे राहिलेल्या धाकटीला आणि तिच्या बहिणीला धीर द्या, घाबरवू नका, असं त्याने बजावलं. होऊन गेलेल्या गोष्टीसाठी देवाला हाका मारणं ही वाया गेलेली प्रार्थना, हे जुनं धर्मवचनही थोरल्याला ऐकवलं. खरं तर अशी वचनं ऐकवण्याचा मान थोरल्याचा, कारण तो होता मोशे बेन मैमून, म्हणजे युरोप ज्यांना मायमोनिडीज म्हणून ओळखतो ते ज्यू धर्मशास्त्राचे मेरुमणी.

दावीद हिंदी महासागरात बुडाला.

त्याचं हे पत्र मात्र बुडालं नाही. जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातमधल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक कोठी होती, गेनिझा. ज्यावर देवाचं नाव असू शकतं असा कागद फेकायचा नाही, तिथे टाकायचा, असा रिवाज. व्यापाऱ्यांची पत्रंही देवाच्या नावाने सुरू होत, त्यामुळे मिरी, नीळ आणि उधारीचे हिशेबही पवित्र ठरून शतकानुशतकं टिकले. 1896-97मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यातले सुमारे 1,90,000 तुकडे केंब्रिजला नेले. दावीदचा कागद आज तिथेच आहे.

हे कुटुंब समुद्राला नवखं नव्हतं. 1165मध्ये मोरोक्कोतला धर्मछळ चुकवून मैमून मंडळी जहाजाने पॅलेस्टाइनच्या अक्को बंदराकडे निघाली, तेव्हा वाटेत असं वादळ उठलं की मोशेंनी वाचण्याची आशा सोडली. त्या दिवशी त्यांनी नवस केला: दर वर्षी या तिथीला उपास करायचा आणि कुणालाही न भेटता एकट्याने प्रार्थनेत दिवस काढायचा. म्हणजे आपण वाचलो तो योगायोग नव्हे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मग काही वर्षांनी दुसरं जहाज बुडालं, त्याचं काय?

मोशेंचा तत्त्वज्ञानावरचा मोठा ग्रंथ, ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’, 1190च्या सुमारास पुरा झाला. भाषा अरबी, लिपी हिब्रू. त्याच्या तिसऱ्या भागात ईश्वर माणसाची काळजी वाहतो का, याची चर्चा आहे आणि तिथे बुडणारं जहाज पुन्हा पुन्हा येतं. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने झाडाचं पान गळणं आणि जहाजातली भली माणसं बुडणं यांत काही फरक नाही. दोन्ही वाऱ्याची करणी. अशअरी पंथाचे मुसलमान धर्मपंडित नेमकं उलट टोक गाठतात: पानही ईश्वराने ठरवल्याशिवाय गळत नाही. मुअतझिला पंथवाले न्यायाला इतके पक्के, की मांजराने मारलेल्या उंदरालाही परलोकात भरपाई मिळणार.

मोशे मधली वाट काढतात. जहाज बुडालं ते वाऱ्यामुळे, हे त्यांना मान्य. पण त्या जहाजात नेमकी हीच माणसं चढली, हे मात्र योगायोगाने नव्हे, ज्याच्या त्याच्या पात्रतेनुसार. आणि ईश्वराची ही नजर माणसावर असते ती त्याच्या बुद्धीच्या प्रमाणात. पुढे तर ते म्हणतात, की मन ईश्वराच्या चिंतनात असेतो माणूस सुरक्षित. मन ढळलं की उघड्यावर पडला. निळीचा भाव करणाऱ्या व्यापाऱ्याचं मन दिवसातून किती वेळा ढळत असेल?

ग्रंथात दावीदचं नाव कुठेही नाही. पण 1185च्या सुमारास, म्हणजे हा ग्रंथ आकार घेत होता त्याच वर्षांत, अक्कोतल्या एका परिचिताला लिहिलेल्या पत्रात ते मोकळे होतात. भाऊ गेला आणि आपण वर्षभर तापाने अंथरुणाला खिळलो. आठ वर्षं झाली, दुःख सरत नाही. त्याचं अक्षर दिसलं तरी काळीज हलतं. तो बाजारात कमवायचा आणि मी घरी निवांत बसायचो, असंही लिहितात. बुडाला तेव्हा दावीदजवळ त्याचा, भावाचा आणि इतरांचाही पैसा होता. मागे उरली बायको आणि लहान मुलगी. त्यानंतर मोशेंनी पोटासाठी वैद्यकी धरली.

या पत्रात पात्रतेचा शब्दही नाही. त्यामुळे ग्रंथातली वाट कोती ठरते, असं म्हणायचा मोह होतो. पण ज्याने वर्षभर पडून राहून विचार केला त्याला वाऱ्याच्या हवाली भाऊ करवला नसेल, हेही समजण्यासारखं आहे.

धर्मशास्त्रकार मोशे याच प्रश्नाकडे दुसऱ्या अंगाने पाहतात. नवरा पाण्यात बेपत्ता झाला तर बायकोने पुन्हा लग्न करावं का? परंपरेने पाण्याचे दोन प्रकार केले आहेत. चारी बाजूंचा काठ दिसतो असं पाणी: तिथे थांबून, कुणी बाहेर आलं नाही हे पाहून ती मोकळी होते. काठ दिसत नाही असं पाणी: तिथे साक्षीदार हवा, कारण तो दुसऱ्या कुठल्या किनाऱ्याला लागला असेल. तरीही कुणी लग्न केलंच, तर ते मोडायचं नाही. ईश्वराची इच्छा काय होती, हे इथे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की प्रेत कुणी पाहिलं का.

आणखी एक जण या चर्चेत हवा होता: जहाजमालक. 1183मध्ये अंदलूसचा यात्रेकरू इब्न जुबैर ऐधाबला आला. तिथल्या होड्यांना खिळे नसत; फळ्या नारळाच्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. लाकूड हिंदुस्थान आणि येमेनमधून येई. तिथले मालक हाजींना खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे कोंबत, कारण एका फेरीत होडीची किंमत वसूल व्हायला हवी. तत्त्ववेत्त्यांच्या वादात वारा आहे, ईश्वर आहे, पात्रता आहे. हा मालक कुठेच नाही.

अखेरच्या वर्षांत मोशेंनी दक्षिण फ्रान्समधल्या लुनेलच्या पंडितांना एक पत्र धाडलं. त्यात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा ओझरता उल्लेख आहे: त्यांना धर्मग्रंथ ठाऊक नाहीत, फक्त शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. हे कोकणातले बेने इस्राएल असावेत, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर ही खबर दावीदसारख्याच कुणा दर्यावर्दी व्यापाऱ्याने फुस्तातला आणली असणार.

बेने इस्राएलांची स्वतःची गोष्टही फुटलेल्या जहाजाचीच आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना तिथेच मूठमाती मिळाली. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे टाकले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. हीच सात जोडपी का तरली, याची चर्चा या परंपरेत फारशी दिसत नाही. नवस फेडायचा असो, लग्न असो की संकट टळलेलं असो, एलियाहू हनबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा होतो: भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, भोवती फळं मांडलेलं ताट.