मेंढीची प्रतिकृती आणि निर्माणकर्त्याची ओळख



आपल्या घरातील शाळकरी मूल कधीतरी विचारते, "शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मेंढी निर्माण केली, मग निर्माणकर्ता केवळ अल्लाहच कसा?" अशा वेळी त्याला दटावून गप्प करू नका. दटावल्याने मूल प्रश्न विचारणे सोडील, मनातील शंका मात्र सोडणार नाही. ईमानला ज्ञानाचे भय नसते. म्हणून प्रत्यक्षात काय घडले, ते आधी समजून घ्या.

स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गजवळील रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी डॉली नावाची मेंढी जन्मली. इयन विल्मट, कीथ कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतील पेशी घेतली. दुसऱ्या मेंढीच्या बीजांडातील केंद्रक काढून टाकले, विजेच्या सौम्य धक्क्याने ती पेशी त्या बीजांडाशी एकरूप केली आणि तयार झालेला गर्भ तिसऱ्या मेंढीच्या गर्भाशयात वाढविला. जन्मलेले कोकरू पहिल्या मेंढीची प्रतिकृती होते.

या प्रयोगाचे महत्त्व कशात आहे? एकदा कासेची किंवा कातडीची झालेली पेशी पुन्हा मागे फिरून संपूर्ण प्राणी घडवू शकत नाही, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानीत असत. जॉन गर्डन यांनी १९६२ साली बेडकांवरील प्रयोगांतून या समजुतीला धक्का दिला होता. पूर्ण वाढ झालेल्या सस्तन प्राण्याच्या पेशीतून हे प्रथम सिद्ध केले ते डॉलीने. कासेच्या एका सूक्ष्म पेशीतही डोळा, हृदय, खूर व लोकर घडविण्याचा संपूर्ण आराखडा जपलेला असतो आणि बीजांड तो नव्याने वाचू शकते, हे जगाला कळले.

आता विचार करा, यात माणसाने निर्माण काय केले? पेशी जिवंत मेंढीची होती, बीजांड दुसरीचे होते, गर्भाशय तिसरीचे होते. आराखडा आधीच लिहिलेला होता. माणसाने तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला. कोकणातील बागायतदार हापूसचे कलम बांधतो, पण आपण हापूस निर्माण केला असे तो म्हणत नाही. 'क्लोन' हा शब्दही डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला आहे. सूरह अल-वाकिआमध्ये अल्लाह तआला शेत पेरणाऱ्याला विचारतो की पीक उगविणारा नेमका कोण. हाच प्रश्न प्रयोगशाळेच्या दारातही उभा आहे. सूरह अल-हज्जमध्ये माशीचे उदाहरण आले आहे. सारे एकत्र आले तरी शून्यातून एक माशी घडविणे त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. डॉलीने हे आव्हान मोडलेले नाही.

मानवी सामर्थ्याची मर्यादाही या प्रयोगातच दिसते. २७७ बीजांडांवर प्रयत्न झाले, त्यांतून २९ गर्भ १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवले गेले आणि जन्मली एकटी डॉली. आपल्या देशात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये प्रतिकृतीने जन्मलेले म्हशीचे पहिले रेडकू काही दिवसांतच मरण पावले. त्यानंतर जूनमध्ये 'गरिमा' जन्मली. अमेरिकेत २००१ साली प्रतिकृतीने जन्मलेल्या पहिल्या मांजरीच्या अंगावरचे रंग तर मूळ मांजरीहून वेगळे निघाले. प्रतिकृती म्हणजे मेलेला जीव परत येणे नव्हे. तो एक नवा जीव असतो. मृतांना पुन्हा उठविणे हे केवळ अल्लाहचे कार्य आहे.

मग या ज्ञानाविषयी आपली भूमिका काय असावी? जेद्दाह येथे १९९७ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात विद्वानांनी मानवी प्रतिकृती निषिद्ध ठरविली. विवाह, वंश आणि नातेसंबंध यांचे रक्षण हा शरीअतचा हेतू आहे, आणि आई-वडिलांची निश्चित ओळख हा अपत्याचा हक्क आहे. वनस्पती, सूक्ष्मजीव व प्राणी यांच्या बाबतीत मात्र शरीअतच्या मर्यादेत, हित साधण्यासाठी आणि हानी टाळण्यासाठी असे तंत्र वापरण्यास त्यांनी अनुमती दिली.

अनुमतीबरोबर जबाबदारीही येते. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा लाभली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. तेव्हा औषधासाठी किंवा दुधासाठी केलेला प्रयोग आणि केवळ हौसेसाठी कित्येक मुक्या जीवांना दिलेली वेदना यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. प्राणी आपल्या हाती सोपविलेली अमानत आहेत आणि प्रत्येक अमानतीचा हिशेब आखिरतमध्ये द्यावयाचा आहे.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहा. विज्ञानाचा नवा शोध लागताच तो कुरआनमध्ये आधीच सांगितला आहे, असा ओढूनताणून दावा करू नका. कुरआन मार्गदर्शनासाठी अवतरले आहे, त्याला अशा आधाराची गरज नाही. मुलांना जीवशास्त्र मन लावून शिकू द्या. पेशीतील आराखडा वाचताना तो लिहिणाऱ्याचे स्मरण ठेवण्यासही त्यांना शिकवा.

अल्लाह आम्हांस हितकारक ज्ञान देवो, ज्ञानाच्या अहंकारापासून वाचवो आणि आमच्या अपत्यांचे ईमान दृढ करो. आमीन.