पुंडलिक हे नाव

मुलाचे नाव काय ठेवावे हे विचारावयास अलीकडे जी तरुण मंडळी आमच्याकडे येतात, ती बहुधा तीन अटी बरोबर घेऊन येतात. नाव अर्थपूर्ण असावे, मुळात संस्कृत असावे, आणि मुख्य म्हणजे वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही मुलाचे नसावे. पूर्वी नाव आजोबांकडून येई, नाहीतर कुलदैवताकडून. आता ते मोबाइलवरच्या यादीतून येते, आणि त्याचा अर्थ तेवढा बरोबर आहे का हे पाहण्यापुरते आमचे काम उरते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण अर्थ, मूळ आणि दुर्मिळता या तिन्ही कसोट्यांना उतरेल असे एक नाव आपल्याच घरात पडून आहे, असे आम्ही सांगतो आणि ते नाव उच्चारतो, तेव्हा मंडळींचे चेहरे उतरतात. ते नाव पुंडलिक.

मूळ शब्द पुण्डरीक. अमरकोशात निळे कमळ ते इंदीवर, तांबडे ते कोकनद आणि पांढरे ते पुण्डरीक, अशी वाटणी आहे. त्याच कोशात आग्नेय दिशा सांभाळणाऱ्या दिग्गजाचे नाव पुण्डरीक आहे, आणि वाघालाही पुण्डरीक म्हटले आहे. म्हणजे फूलही तेच आणि वाघही तोच. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायाचा आरंभ तर याच शब्दाभोवती फिरतो. देह ही एक नगरी, तिच्यात पुण्डरीकाच्या आकाराचे एक लहानसे घर, त्या घरात आकाश, आणि त्या आकाशात जे आहे ते शोधावे, असे तेथे सांगितले आहे. हृदयाला दिलेले हे नाव. डोळे पुण्डरीकासारखे म्हणून विष्णू पुण्डरीकाक्ष झाला. बाणभट्टाच्या कादंबरीत महाश्वेता ज्याच्यासाठी तप करीत बसली तो पुण्डरीकच. जैनांच्या परंपरेत ऋषभदेवांचा पहिला गणधर पुंडरीक, आणि त्याच्यावरून शत्रुंजय पर्वताला पुंडरीकगिरी म्हणतात. बौद्धांचा सद्धर्मपुण्डरीक हा ग्रंथ तर प्रसिद्धच आहे. इतक्या घरी पाहुणचार घेतलेले नाव दुसरे सहसा सापडावयाचे नाही.

रकाराचा लकार होणे हे आपल्या भाषांना नवे नाही, म्हणून पुंडरीकाचा पुंडलिक झाला. मराठीत पुंड म्हणजे दांडगा, त्याची ती पुंडाई. या शब्दाशी नाते जुळवून काही कीर्तनकार मंडळी हशा पिकवितात. व्याकरणाला ते मान्य नाही. पण पुंडलिकाचे पूर्वचरित्र ध्यानात घेतले तर विनोद अगदीच वाया जातो असेही नाही, बरे का!

आता थोडे व्याकरण. महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, व्याकरण कशासाठी शिकावे हे सांगताना पतंजलींनी मुलाचे नाव कसे असावे याचा शिष्टांचा नियम दिला आहे. जन्मानंतर दहावा दिवस गेल्यावर नाव ठेवावे. पहिले अक्षर घोषवर्णाचे असावे, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादे यावे, आरंभी वृद्धी नसावी, नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे. तीन पिढ्यांच्या पूर्वजांना ते धरून असावे आणि शत्रूच्या घरात रुळलेले नसावे. पुण्डरीक चार अक्षरी आहे, त्यात र आहे, वृद्धी नाही. घोटाळा होतो तो पहिल्याच अक्षराशी, कारण प हा अघोष वर्ण आहे. पतंजलींच्या पाठशाळेत या नावाचा एक गुण कापला गेला असता. पण गंमत अशी की, ज्याचे आद्याक्षर अघोष, त्याचाच जयघोष लाखो लोक करतात. वारीच्या वाटेवर विठ्ठलाच्या आधी ज्याचे नाव उच्चारले जाते तो हाच.

त्या जयघोषातला समास नीट पाहावा. पुंडलिकवरद म्हणजे पुंडलिकाला वर देणारा. माणसे देवाचे नाव घेऊन मिरवतात, रामदास, हरिदास म्हणवितात, ही जगाची रीत. येथे देवाने आपली ओळख भक्ताच्या नावाने सांगितली आहे. क्षेत्रानेही तेच केले. यादव राजा कृष्ण याच्या काळच्या, इ. स. १२४९ च्या ताम्रपटात भीमरथीच्या काठचे पौंडरीक क्षेत्र आले आहे. पुंडरीकाचे ते पौंडरीक. मुलाच्या नावाला पतंजलींनी जी वृद्धी नको म्हटली ती गावाच्या नावात शोभून दिसते. मुंबईत गिरगावला १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरण्यांनी जो चित्रपट दाखविला त्याचेही नाव ‘श्री पुंडलिक’. ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच्या पुढल्या वर्षीचा. नवी कला लोकांपुढे मांडावयाची तर कोणते नाव घेतले म्हणजे लोक येतील, हे त्या वेळच्या माणसांना विचारावे लागत नव्हते.

मग असे नाव दुर्मिळ का झाले? आमच्या दिंडीत पुंडलिक नावाची माणसे आहेत, पण सगळी साठीच्या पुढची. त्यांच्या नातवांत एकही नाही. नाव जुनाट वाटते, शाळेत मुले चिडवितात, ही कारणे सगळे सांगतात आणि ती खरीही आहेत. आम्हाला त्याहून एक जुने कारण दिसते. पतंजलींचा पूर्वजांना धरून नाव ठेवण्याचा नियम आपल्याकडे खेडोपाडी पाळला जात होता, आजोबा गेले की नातवाला त्यांचे नाव मिळे. पण सासऱ्याचे नाव सुनेने तोंडाने घ्यावयाचे नाही, हाही नियमच होता. मग पोराला हाक कशी मारावयाची? पोर बाळू व्हायचे, अण्णा व्हायचे, बापू व्हायचे. शाळेच्या दाखल्यावर पुंडलिक, आणि अंगणात बाळू. पुढे त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत कंसात बाळू छापल्याशिवाय गावाला नवरदेव ओळखू येत नसे. नाव कागदावर राहिले आणि हाकेतून गेले. जे नाव हाकेतून गेले ते पुढल्या पिढीत कागदावरूनही जाते, याचे कुणाला नवल वाटावयास नको.

एका कुटुंबातली हकीकत येथे सांगितली पाहिजे, कारण या लेखाचे खरे निमित्त तीच आहे. घरात नातू झाला. आजोबांचा आग्रह, याचे नाव पुंडलिकच ठेवावे. कारण विचारले तर म्हणाले, “निदान हा तरी आईबापांना पाहील. नावाची तरी लाज धरील.” ‘हा तरी’ हे शब्द मुलाला लागले. तो म्हणाला, “बुवा, तान्ह्या पोरावर आत्तापासून हे ओझे कशाला? उद्या तो नोकरीला परमुलखात गेला, तर गावाने त्याच्या नावावरून त्याला टोचावे काय?” दोघेही आमच्या तोंडाकडे पाहू लागले. प्रश्न नावाचा होता आणि नव्हताही.

शास्त्रकारांना विचारले तर ते दोन बाजूंना उभे राहतात. मीमांसक म्हणतात, शब्दाचा अर्थाशी संबंध स्वाभाविक आहे, कुणी लावून दिलेला नाही. नैयायिक म्हणतात, तो संकेत आहे. पण माणसाच्या ठेवलेल्या नावाला वैयाकरण यदृच्छाशब्द म्हणतात. डित्थ हे त्याचे ठरलेले उदाहरण, ज्याला अर्थच नाही. बापाच्या मनात आले, नाव ठेवले. तसे पाहिले तर पुंडलिक आणि डित्थ यांत फरक काय राहिला? तिकडे भागवतातला अजामिळ मरतेवेळी आपल्या धाकट्या मुलाला, नारायणाला हाक मारतो आणि सुटतो. पण तेथेही नीट पाहा, नावाने बाप सुटला. नारायण नावाचा तो मुलगा पुढे कसा निघाला याविषयी आम्ही कीर्तनात कधी काही सांगत नाही, कारण कथेला त्याची गरज नाही. नाव ठेवल्याने फळ मिळालेच तर ते हाक मारणाऱ्याला मिळते.

आणि पुंडलिकाचेच पाहा ना! जानुदेव आणि सत्यवती यांनी मुलाचे नाव पांढरे कमळ ठेवले. त्या नावाने त्याला सुधारले काय? अहो, हाच तो, जो काशीयात्रेला बायकोसह घोड्यावर बसून निघाला आणि म्हातारे आईबाप पायी चालविले. नाव तेच होते. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात गंगा, यमुना, सरस्वती मळक्या वस्त्रांनी येतात आणि आईबापांची सेवा करणाऱ्या त्या ऋषीचे अंगण झाडून निर्मळ होऊन जातात, हे डोळ्यांनी पाहिले तेव्हा तो वळला. त्याला कुणी नावाची आठवण दिली नाही. आईबापांनीही “तुझे नाव काय आणि तू वागतोस काय” असे एकदाही म्हटल्याचे कथेत नाही. म्हणून आजोबांना आम्ही स्पष्ट सांगितले की, नाव ही नातवाच्या नावे लिहिलेली हुंडी नव्हे. म्हातारपणी वटविण्यासाठी ठेवलेले नाव हा व्यवहार झाला, आणि पुंडलिकाच्या नावाने तरी तो करू नये.

पण मुलाचे म्हणणेही आम्हाला पटले नाही. तो ओझे म्हणतो ते नावात नाहीच, ते आधीपासून घरात आहे. मुलाचे नाव काहीही ठेवले तरी म्हातारा ओसरीवर आहेच. २००७ साली आईवडिलांच्या पोषणाचा कायदा झाला. त्या कायद्याने मुलाकडून पोटगी मिळते, आणि ज्यांच्यावर वेळ आली त्यांना ती मिळालीच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. पण रात्री दोन वाजता म्हाताऱ्याने पाणी मागितले तर “आलो” म्हणावयास कोणता अधिकारी माणूस पाठवील?

आपल्या भाषेत हाकेला ओ देणे म्हणतात. पुंडलिकाची सगळी थोरवी आम्हाला त्या एका ओ मध्ये दिसते. दारात देव उभा राहिला, त्यानेही हाक मारली असेल. पण त्याआधी दुसऱ्या हाकेला ओ दिलेली होती, म्हणून देवाला वीट मिळाली आणि थांबावे लागले. परमुलखात नोकरी करणाऱ्यालाही ही ओ देता येते, आणि एका छपराखाली राहूनही चुकविता येते. आम्ही दोन्ही प्रकार पाहिले आहेत. शेजघरातून म्हातारीने तीनदा हाक मारावी आणि बाहेरच्या खोलीत तिघांनी एकमेकांकडे पाहावे, असे एक घर आम्हाला ठाऊक आहे. तेथे नित्य हरिपाठ होतो.

त्या कुटुंबाने अखेर मुलाचे नाव दुसरेच ठेवले. यादीतले आहे, अर्थ बरा आहे. आजोबा त्याला पुंडलिक म्हणतात आणि पोर त्यालाही ओ देते, असे परवा कळले. बापाने ते चालू दिले, हे आम्हाला आवडले.

ज्यांना हे नाव ठेवावयाचे असेल त्यांनी खुशाल ठेवावे, आमच्याकडे मुहूर्त विचारावयास येण्याचीही गरज नाही. एवढेच करावे की ते अंगणातही पुरते उच्चारावे, त्याचे पुंड्या करू नये. आणि आजोबांचेच नाव असेल तर सुनेने ते मोकळेपणाने घ्यावे. सासऱ्याचा मान त्याने कमी होत नाही, हे आम्ही शास्त्र पाहून सांगतो.