समेटाचे वकील

आजचं वचन: करिंथकरांस दुसरे पत्र ५:१८–२०



आजचा उतारा तीनच ओळींचा आहे, पण संत पौल त्यात आपल्याला एक हुद्दा देऊन टाकतो. देवाने ख्रिस्ताच्या द्वारे जगाशी समेट केला आणि त्या समेटाचा निरोप आपल्या हाती सोपवला, असं तो सांगतो. या कामासाठी आपल्या मराठी बायबलमध्ये ‘वकिली’ हा शब्द आहे. वाचताना काळा कोट आणि कोर्ट डोळ्यांपुढे येतं ना? पण जुन्या मराठीत वकील म्हणजे राजदूत. दिल्लीत हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते. असा माणूस परक्या दरबारात राहायचा आणि बोलायचा ते धन्याच्या वतीने. स्वतःचा राग, स्वतःचा मान त्याला बाजूला ठेवावा लागायचा.

ख्रिस्तसभेत आजही असे वकील आहेत. पोपच्या राजदूताला ‘नन्सिओ’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ साधा आहे: निरोप्या. त्याला दोन बाजू सांभाळायच्या असतात. एकीकडे त्या देशाचं सरकार, दुसरीकडे तिथली ख्रिस्तसभा.

आपल्या मातीतले असे एक निरोप्ये म्हणजे कार्डिनल आयव्हन डायस. जन्म १९३६ चा, मुंबईत, मूळ गोव्याच्या कुटुंबात. १९५८ मध्ये ते धर्मगुरू झाले, पुढे रोममध्ये शिकले आणि १९६४ मध्ये व्हॅटिकनच्या राजनैतिक सेवेत रुजू झाले. स्कँडिनेव्हिया, इंडोनेशिया, मादागास्कर अशा नेमणुका झाल्या. ज्या वर्षी आपल्या चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याच १९८२ मध्ये ते आर्चबिशप झाले आणि घाना, टोगो, बेनिन या देशांत पोपचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९८७ मध्ये दक्षिण कोरिया. आणि १९९१ मध्ये अल्बानिया.

इथे जरा थांबू या. अल्बानियात तेव्हा काय होतं?

एन्व्हर होजाच्या सरकारने १९६७ मध्ये सगळी चर्च, मशिदी, मठ बंद केले आणि देश नास्तिक असल्याचं जाहीर केलं. प्रार्थना करणं, बाळाला स्नानसंस्कार देणं हा गुन्हा ठरला. कित्येक धर्मगुरू तुरुंगात गेले, कित्येक मारले गेले. श्कोडर शहरातल्या कॅथीड्रलचं क्रीडागृह झालं. नोव्हेंबर १९९० मध्ये तिथल्या दफनभूमीत पुन्हा उघडपणे मिस्सा झाली, तेव्हा मध्ये तेवीस वर्षं गेली होती. सप्टेंबर १९९१ मध्ये व्हॅटिकन आणि अल्बानियाचे राजनैतिक संबंध सुरू झाले, तेव्हाही राष्ट्राध्यक्ष होते होजाचेच वारसदार रमीझ आलिया.

म्हणजे डायस कुठे जात होते बघा. सरकारात अजून जुनी माणसं, आणि ज्या लोकांकडे जायचं त्यांच्या घराघरात तुरुंगाच्या आठवणी. आजचं वचन इथे पुस्तकातून बाहेर येतं. अशा ठिकाणी समेट म्हणजे नेमकं काय करायचं?

मला हा प्रश्न दूरचा वाटत नाही. मी बल्लारपूरचा. आमचं कॅथीड्रल तिथेच आहे, चांदा धर्मप्रांताचं. १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे हा भाग सोपवला गेला, आणि मल्याळम बोलणारे धर्मगुरू आमच्याकडे येऊन मराठी शिकले. तिथून दक्षिणेला गेलं की आलापल्लीचं सागवान लागतं, मग भामरागड, सिरोंचा. गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, मराठी, सगळं एकाच जिल्ह्यात. या जंगलाने कित्येक वर्षं बंदूक पाहिली आहे. एका घरचा मुलगा पोलिसात, दुसऱ्या घरचा जंगलात, आणि दोघांच्या आया पाण्याला एकाच हातपंपावर. पुण्यात एसीत बसून त्यांना “झालं गेलं विसरा” म्हणायला आपल्याला काही पडत नाही. पण पौल सांगतो तो समेट हा नव्हे. आपल्याला त्याने क्रूस दाखवलाय. क्रूसावर झालेला अन्याय देव नाकारत नाही. तो स्वतः तो अन्याय अंगावर घेतो आणि मग हात पुढे करतो.

अल्बानियात नेमकं हेच दिसतं. २५ एप्रिल १९९३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे तिथे गेले आणि त्याच श्कोडरच्या कॅथीड्रलमध्ये चार नव्या बिशपांना दीक्षा दिली. त्या चौघांतले फ्रानो इलिया यांना जुन्या राजवटीने एकेकाळी मृत्युदंड सुनावला होता. तो रद्द होऊन त्यांच्या वाट्याला दीर्घ तुरुंगवास आला. सूडाची भाषा करायचा हक्क कुणाला असेल तर तो यांना. ख्रिस्तसभेने त्यांना वेदीपाशी उभं केलं. आणि मेलेल्यांना ती विसरली नाही. ५ नोव्हेंबर २०१६ रोजी त्याच शहरात ३८ हुतात्म्यांना धन्य घोषित केलं गेलं, एकेकाचं नाव घेऊन. सरकारशी बोलणी केली म्हणून हुतात्म्यांची नावं दडवली नाहीत, आणि नावं जपली म्हणून बोलणीही तोडली नाहीत.

डायस तिथे फक्त दूतावासात बसले नाहीत. १९९२ पासून दक्षिण अल्बानियाच्या ख्रिस्तसभेचा कारभारही त्यांच्याकडे होता. मला इथे देवाची गंमत वाटते: अल्बानियन वंशाच्या मदर तेरेसा आयुष्यभर कोलकात्यात राहिल्या, आणि मुंबईचा एक माणूस त्यांच्या लोकांकडे निरोप घेऊन गेला. पुढे डायस मुंबईचे आर्चबिशप झाले, २००१ मध्ये कार्डिनल, २००६ पासून रोममध्ये सुवार्ताप्रसार विभागाचे प्रमुख. १९ जून २०१७ रोजी रोममध्येच ते वारले. पण या सगळ्या पदांपेक्षा ती अल्बानियाची नेमणूक मला जास्त शिकवते.

आमच्याकडे सरकारी नोकरीत “गडचिरोलीला टाकलं” असं म्हणतात, शिक्षा झाल्यासारखं. माझी एक मावसबहीण भामरागडकडे नर्स आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद. तिने आधी माडिया शिकायला घेतली. मी विचारलं, “एवढी खटपट कशाला?” ती म्हणाली, “अरे दादा, कुठे दुखतं हे त्यांच्या भाषेत विचारलं की आजी स्वतःहून हात पुढे करते. नाहीतर ती गप्पच बसते.” मला यात वकिलाचं सगळं काम दिसलं. पाठवलंय तिथे जायचं, त्यांची भाषा शिकायची, दुखणं ऐकायचं, आणि मग धन्याचा निरोप द्यायचा. आपण बहुतेक वेळा शेवटच्या पायरीपासून सुरू करतो.

आणि पौलाचं स्वतःचं काय? इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःला बेड्या घातलेला वकील म्हणवतो. राजदूताला कैद करत नाहीत, हा जगाचा जुना नियम. ख्रिस्ताच्या वकिलाला ती सूटही नाही. तरी निरोप थांबत नाही.

आजसाठी एकच गोष्ट: ज्या घरात, टीममध्ये किंवा नात्यात तुमचं बोलणं बंद आहे, तिथे आज तुम्ही कुणाच्या वतीने जाणार? स्वतःच्या वतीने गेलात तर जुना हिशेबच निघेल. ख्रिस्ताच्या वतीने गेलात तर आधी त्यांचं दुखणं ऐकाल, खरं तेच बोलाल, आणि दार बंद करणार नाही.

प्रार्थना: प्रभू येशू, तू मला जिथे ठेवलंस ती शिक्षा नसून नेमणूक आहे, हे मला कळू दे. माझ्या तोंडी माझा राग नको, तुझा निरोप असू दे. ज्यांनी सोसलं त्यांची नावं मला विसरू देऊ नकोस, आणि ज्यांनी दुखावलं त्यांच्याकडे जायचं बळ दे. आमेन.