गाळाची साक्ष

हातून काही बिघडले की माणसाच्या तोंडी पहिले वाक्य येते, 'आम्हाला माहीत नव्हते.' पुष्कळदा ते खरे असते, आणि खरे असेल तर ऐकून घेतले पाहिजे. नियत वाईट नव्हती, तर माणसाला सूट मिळावी, हे आपण लहानपणापासून शिकत आलो. पण ही सूट किती दिवस चालते? माहीत नसणे कोठे संपते आणि माहीत करून न घेणे कोठे सुरू होते? हा प्रश्न आम्ही येथे पाण्याबाबत विचारणार आहोत. कारण पाण्यात टाकलेली वस्तू दिसेनाशी होते, आणि दिसेनाशी झालेली वस्तू संपली असे मानणे माणसाला फार सोयीचे असते.

आपल्या घरांत तहारतचे नियम शिकवताना सांगतात की वाहते किंवा मोठे पाणी थोडी घाण पडल्याने लगेच नापाक होत नाही. त्याचा रंग, वास किंवा चव बदलली तर होते. हा नियम इबादतीसाठी आहे आणि त्या कामी पुरेसा आहे. पण आपण नकळत त्याचे क्षेत्र वाढवले. स्वच्छ दिसते ते निर्धोक, असे समजू लागलो. दुसऱ्याला अपाय न करण्याचा नियम शरियतमध्ये वेगळा सांगितला आहे, याचा आपल्याला विसर पडला. कीटकनाशकाचा एक थेंब तळ्यात मिसळला तर रंग बदलत नाही, वास येत नाही, चवही कळत नाही. तिन्ही कसोट्यांना ते पाणी उतरते. मासा मात्र मरतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात क्लियर लेक नावाचे मोठे सरोवर आहे. तेथे गळ टाकून मासे धरायला हौशी लोक येत. त्यांना चिलटांचा त्रास होई. ही चिलटे चावतही नव्हती, फक्त थव्याने अंगावर येत. त्यांच्या बंदोबस्तासाठी १९४९ मध्ये सरोवरात डी.डी.डी. हे डी.डी.टी.च्या जातीचे औषध टाकले गेले. टाकणारे बेफिकीर नव्हते. सरोवराचे पाणी मोजून त्यांनी मात्रा ठरवली होती, सात कोटी भागांत एक भाग. चिलटे गेली, पण परत आली. १९५४ मध्ये मात्रा पाच कोटींत एक भाग केली. त्या हिवाळ्यात सरोवरावरचे ग्रीब पक्षी मरू लागले. आपल्या तळ्यातल्या टिबुकलीच्या कुळातला हा मोठा पक्षी. शंभरावर मेले. रोगाची साथ असेल म्हणून तपासले, रोग सापडला नाही. आणि १९५७ मध्ये तिसऱ्यांदा औषध टाकले गेले.

पुढे पक्ष्यांची चरबी तपासली तेव्हा उलगडा झाला. पाण्यात औषधाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ०.०२ भाग होते. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत ते ५ निघाले, वनस्पती खाणाऱ्या माशांत ४० ते ३००, आणि ते मासे खाणाऱ्या ग्रीबच्या चरबीत १६००. म्हणजे पाण्याच्या ऐंशी हजार पट. शेवटच्या मात्रेनंतर थोड्याच काळाने सरोवराचे पाणी तपासले, तर त्यात औषधाचा मागमूस नव्हता. पाणी साफ होते आणि हजारावर असलेल्या ग्रीबच्या जोड्या १९६० पर्यंत तीसच्या आसपास उरल्या होत्या. रॅचेल कार्सन या लेखिकेने १९६२ च्या आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात ही हकिकत जगापुढे मांडली.

असे का होते? या जातीची औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्यांना चरबी आणि गाळ जवळचे वाटतात. ती मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. तळातले किडे आणि अळ्या तो गाळ खातात, लहान मासे त्यांना खातात, मोठे मासे लहानांना. दर पायरीला विष साठत जाते. पुराने किंवा ड्रेजरने गाळ ढवळला की जे बसले होते ते पुन्हा वर येते. पाण्याने सोडून दिलेली गोष्ट गाळ सांभाळून ठेवतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. १९४९ मध्ये औषध टाकणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. त्याने हिशोब केला होता आणि त्या वेळचे ज्ञान तेवढेच होते. पण १९५७ च्या मात्रेला तीच सूट देता येईल का? मध्ये शंभर पक्षी मरून पडले होते. त्यांनी काही सिद्ध केले नव्हते, हे खरे. पण थांबा आणि पाहा, एवढे तर सांगितले होते. आमच्या मते माहीत नसण्याची सूट तेथे संपते. कारण कळण्याआधीही चाहूल लागते, आणि चाहूल लागल्यावर थांबणे हे कर्तव्य होते.

याच्या पुढची पायरी जपानमध्ये दिसते. मिनामाताच्या उपसागरात एका रासायनिक कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी १९३२ पासून जात होते. १९५६ मध्ये त्या किनाऱ्यावरच्या माणसांचा विचित्र आजार अधिकृतपणे नोंदला गेला. हातपाय थरथरत, वाचा जाई, नजर जाई, आईच्या पोटातल्या मुलांनाही बाधा होई. कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजराला खाऊ घातले. मांजराला तोच आजार झाला. कारखान्याने हा निष्कर्ष दाबून ठेवला. सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले. येथे 'माहीत नव्हते' हे वाक्य सरळ खोटे ठरते. नंतर तेथला सुमारे पंधरा लाख घनमीटर विषारी गाळ उपसून, भराव घालून बंद करायला १९७७ ते १९९० अशी वर्षे लागली.

गाळाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. शास्त्रज्ञ तळात लांब नळी खुपसून गाळाचा उभा तुकडा काढतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. १९६३ च्या सुमारास अणुचाचण्यांमुळे जगभर पडलेल्या सीझियमची खूण त्यात सापडते, तिच्यावरून वर्षांचा हिशोब लागतो. कोणत्या काळात कोणते विष आले ते थराथरांत वाचता येते. अशी वही हाताशी असताना ती न उघडणे, हे आम्हाला अज्ञान वाटत नाही.

हे दूरच्या देशांपुरते नाही. कोकणात लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या खाली वाशिष्ठी आणि दाभोळची खाडी आहे. मासे मेल्याच्या तक्रारी तेथले मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आपले दालदी भाऊ पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगले. पण बोट फक्त कारखान्याकडे दाखवून आपली सुटका नाही. आमच्या वर्गात मच्छीमारांची मुले आहेत तशी बागायतदारांचीही आहेत, काही घरांत तर दोन्ही धंदे आहेत. हापूसच्या मोहरावर तुडतुड्यासाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे फवारली जातात. कोळंबी आणि खेकडा हे कीटकांचेच दूरचे भाऊबंद. जे विष तुडतुड्याच्या मज्जातंतूंवर काम करते, ते अगदी थोड्या मात्रेत कोळंबीलाही मारते. फवारणीचा पंप वहाळात धुतला जातो, आणि वहाळ खाडीला मिळतो. तिसऱ्या त्याच खाडीच्या चिखलात वाढतात आणि आपल्याच घरातल्या बाया ओहोटीला त्या काढायला जातात.

कोणी म्हणेल, मग शेतकऱ्याने काय करावे? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. डी.डी.टी.ने मलेरियापासून असंख्य जीव वाचवले, तिचा कीटकनाशक गुण ओळखणाऱ्या पॉल म्यूलर यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मोहोर गेला तर वर्षाची रोटी जाते, हेही आम्हाला ठाऊक आहे. गरज असेल तेथे औषध लागेल. पण गरज फवारण्याची असते, पंप वहाळात धुण्याची नसते. गरजेची सवलत गरजेएवढीच असते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. आणखी एक सबब ऐकू येते की माझ्या एका पंपाने काय होणार? क्लियर लेकचे उत्तर आहे, पाच कोटींत एक भाग पुरला.

म्हणून आमचे म्हणणे थोडेच आहे. पंपाची धुवण बागेतच जिरवावी, वहाळापासून दूर. खाडीचे पाणी तपासले जाते तसा तिचा गाळही वर्षाआड तपासला जावा, आणि त्याचा अहवाल मच्छीमाराला वाचता येईल अशा भाषेत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. ही मागणी जमातीच्या बैठकीतून, मच्छीमार सोसायटीतून, शाळेतूनही करता येते. अहवाल वाईट आला तर काही धंद्यांना, कदाचित आपल्याही, तोशीस पडेल. तरी तो मागावा. कारण मेलेले मासे किनाऱ्याला लागलेले आपण पाहिले आहेत. यापुढे 'आम्हाला माहीत नव्हते' हे वाक्य आपल्याला वापरता येणार नाही.