ऋण आणि ओळख

दर वर्षी जुलैत कारगिल विजय दिवस आला, की एक मत हल्ली मोठ्या ठामपणे मांडलं जातं. धारातीर्थी पडलेला जवान मरणानंतर राष्ट्राचा झाला, तेव्हा त्याच्या स्मरणात घरच्या आठवणी मिसळू नयेत, असं ते मत. तो शाळेत कोणत्या बाकावर बसायचा, कुणाशी अबोला धरायचा, जत्रेत कुणाकडून चितपट झाला, या गोष्टींनी त्याची उंची कमी होते. वीराला वीर राहू द्यावं. त्याचा मुलगा, भाऊ किंवा नवरा करू नये. ऐकायला हे भारदस्त वाटतं, पण ते उथळ आहे.

बाकीच्या वादांत मला रस नाही. ‘शहीद’ म्हणावं की ‘हुतात्मा’, यावर भांडणारे भांडोत. युद्धस्मारक म्हणजे सत्तेची जाहिरात, असं मानणाऱ्यांनी मेलेल्या माणसापेक्षा सत्तेचाच विचार जास्त केलेला असतो. मला उत्तर द्यायचं आहे ते या पहिल्या मताला, कारण ते आदराच्या भाषेत बोलतं आणि म्हणून सहज पटतं.

या मताचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे समानता. दगडावर सगळे सारखे: नाव, हुद्दा, पलटण. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात २०१९ पासून २५ हजारांहून अधिक नावं ग्रॅनाइटवर याच शिस्तीत कोरलेली आहेत. घरच्या आठवणी आल्या की बोलक्या घरांचे जवान पुढे येतील आणि मुक्या घरांचे मागे पडतील, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. पण समानतेचा हा आग्रह ज्यांनी सर्वांत कडकपणे चालवला, त्यांचा अनुभव काय सांगतो?

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्रिटिशांनी युद्धकबरींसाठी एक आयोग नेमला. फेबियन वेअर त्याचे कर्तेधर्ते. सरदार असो की शिपाई, सर्वांना एकाच मापाचा दगड, आणि मृतदेह मायदेशी आणायचा नाही, असा नियम ठरला. आयांनी अर्ज केले, पार्लमेंटात १९२० साली जोरदार वाद झाला, तरी नियम टिकला. मात्र याच आयोगाला प्रत्येक दगडाच्या तळाशी थोडी जागा मोकळी ठेवावी लागली. तिथे घरच्यांनी आपली एक ओळ द्यायची, ६६ अक्षरांच्या आत. एकरूपतेचा एवढा हट्ट धरणाऱ्यांनाही घराला पुरतं बाहेर ठेवता आलं नाही. त्या ओळींनी तिथल्या एकाही शिपायाची उंची कमी झालेली नाही.

आता ज्यांना ती ओळ मिळाली नाही, त्यांच्याकडे पाहू. त्यात आपले लोक आहेत. मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नाव पूना डिव्हिजन होतं. कूतच्या वेढ्यात ती उपासमारीनं खचली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. त्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. पुढे कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत हजारो माणसं मेली. बसऱ्याला त्या मोहिमेचं स्मारक उभं राहिलं, तेव्हा अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या. इकडे सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत सरकारनं पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. अशा पाट्या आजही चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीत सापडतात. त्याच आयोगाच्या चौकशीनं २०२१ साली कबूल केलं, की किमान १ लाख १६ हजार माणसांचं, प्रामुख्यानं आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतल्या, स्मरण नावानिशी झालंच नाही, कदाचित मुळीच झालं नाही. आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. आयोगानं माफी मागितली.

हे केवळ वर्णद्वेषानं झालं, असं म्हणून मोकळं होता येईल. वर्णद्वेष होताच. पण त्याला वाट कशानं मिळाली, हेही पाहायला हवं. साम्राज्याला या माणसांचं ऋण मान्य होतं, म्हणून तर पाट्या बसल्या. त्यांची ओळख मात्र त्याला नको होती. ऋण आकड्यात मांडता येतं. ओळख आली, की निदान नावापाशी तरी थांबावं लागतं. जिथे नुसतं ऋण असतं, तिथे नाव गळून आकडा उरायला वेळ लागत नाही.

घरच्या आठवणींनी वीराचं वीरपण झाकोळतं, असं म्हणणाऱ्यांना मी आपलंच पंचांग उघडायला सांगेन. पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांची. भाद्रपद वद्यात नवमी अहेवपणी गेलेल्या बायकांची, चतुर्दशी शस्त्राघातानं पडलेल्यांची आणि दुसऱ्या दिवशी अमावास्या सगळ्यांची. लढाईत पडलेल्याला आपल्या परंपरेनं वेगळी तिथी दिली, पण घराबाहेर काढलं नाही. आजी, पणजोबा आणि तो एकाच पंधरवड्यात जेवायला येतात.

माझे एक चुलते १९६५ च्या लढाईत गेले. कारगिलच्या आधी जवानाचा देह सहसा घरी येत नसे. अंत्यसंस्कार आघाडीजवळच होत. घरी आली ती तार, आणि मागाहून त्यांची ट्रंक. वडील चतुर्दशीला त्यांचा म्हाळ घालत. खीर-वडे, गवारीची भाजी आणि आमसुलाची चटणी असे. त्या पंगतीत लढाईचा विषय मी कधी ऐकला नाही. ऐकलं ते हे, की ते पुरात कृष्णेत उडी घ्यायचे, त्यांना गवार मुळीच आवडत नसे, आणि रजेवर आले की पहिल्या दिवशी कुणाशी न बोलता नुसते गोठ्यात बसायचे. एकदा आत्या म्हणाली, ‘अरे, दादाला गवार कशाला वाढता?’ पुढच्या वर्षीपासून त्यांच्या पानात गवार आली नाही. शास्त्रात बसतं की नाही, हे कुणी विचारलं नाही.

दहाव्याला कावळा शिवेना, की घरची माणसं काय करतात? याचं काय राहिलं असेल, हे आठवू लागतात. कुणी म्हणतं बहिणीचं लग्न, कुणी म्हणतं विहिरीचं काम. मग हात जोडून शब्द दिला जातो. हे करायला मेलेला माणूस ठाऊक असावा लागतो. नुसता आदर तिथे उपयोगी पडत नाही.

यावर कुणी म्हणेल, की घरची आठवणही खोटी असू शकते. असते. ती दोष झाकते, प्रसंग रंगवते, आणि तिसऱ्या पिढीत बहुधा विझते. ज्यांच्या मागे कुणीच उरलं नाही, त्यांच्यासाठी दगड हवाच. तिथे शासनाचं काम दुसरं कुणी करू शकत नाही. आठवण काढून घेण्याचाही कुणाला हक्क नाही. वीरपत्नीसमोर माइक धरून ‘अभिमान वाटतो ना?’ असं विचारणारे तिच्या नवऱ्याबद्दल काहीच विचारत नसतात. ते तिच्याकडून आपल्याच कृतज्ञतेची पावती मागत असतात. तिला गप्प राहायचं असेल, तर ते गप्प राहणंही मानलं पाहिजे.

एवढं सगळं मान्य करूनही माझं म्हणणं बदलत नाही. ऋण फिटतं. निदान फिटल्यासारखं वाटतं: पुष्पचक्र वाहिलं, चौकाला नाव दिलं, अनुदानाचा धनादेश दिला, की समाज मोकळा होतो. ओळखीतून असं मोकळं होता येत नाही. ज्याला गवार आवडत नव्हती हे मला माहीत आहे, त्याच्याशी माझा हिशेब कधीच पूर्ण होत नाही. राष्ट्राला आपल्या जवानांचं कायमचं ऋणी राहायचं असेल, तर त्याला त्यांची ओळख करून घ्यावी लागेल.

हे जमणारं काम आहे. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला तिथल्या लष्करी परंपरेमुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. अशा प्रत्येक गावात, जिथे पाटीवर फक्त आकडा आहे, तिथल्या शाळेनं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं मिळून एक वही ठेवावी. नावाखाली घरच्यांनी, त्यांची इच्छा असेल तर, मरणाबद्दल नव्हे तर जगण्याबद्दल एक ओळ लिहावी. मुंबईच्या गोदीजवळ पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक आहे. त्यांच्यातल्या कोकणातल्या घरांपर्यंतही ही वही जावी. शंभर वर्षांनंतर पुष्कळांची ओळ मिळणार नाही. ती जागा कोरी ठेवावी, गौरवाच्या ठरावीक वाक्यानं भरू नये. ती कोरी जागा पाहून तरी आपण आजच्या जवानांच्या घरी वेळेवर जाऊ, आणि तो कसा लढला हे विचारण्याआधी तो कसा होता हे विचारू.